आज्ञावलीतील सामाईक चले कोठे राहतात?

शब्द एकच असला, तरी तो कोठे उच्चारला गेला यावर त्याचा अर्थ ठरतो. रायपूर हे तलावांचे शहर आहे. बूढा तलाव, कंकाली तलाव, महाराजबंध, तेलीबांधा ही नावे तेथे नित्य कानी पडतात. परंतु महामाया देवीचे मंदिर असलेल्या पुरानी बस्तीतील रहिवासी शेजाऱ्याशी बोलताना पुरे नाव क्वचितच घेईल. "तलावाकाठी भेटू" एवढे म्हटले तरी पुरे होते. ऐकणारा जवळच्या तलावाकडे जातो. आता हेच वाक्य त्याने पत्रात लिहिले आणि ते पत्र नागपूरच्या आप्तांच्या हाती पडले, असे समजू. तलाव नागपुरातही आहेत. तेथे फुटाळा आहे, गांधीसागर आहे. परंतु पत्र वाचणारा फुटाळ्याच्या काठी जाऊन वाट पाहत बसत नाही. पत्राच्या माथ्यावर "पुरानी बस्ती, रायपूर" असा मुक्काम लिहिलेला असतो, आणि पत्रातील "तलाव" हा शब्द वाचणाऱ्याच्या गावाप्रमाणे न लावता लिहिणाऱ्याच्या गावाप्रमाणे लावावयाचा, हे तो जाणतो.

संगणकास दिलेल्या आज्ञावलीतही हाच प्रश्न उभा राहतो. तेथेही एकच नाव अनेक ठिकाणी आढळते, आणि आज्ञा एका ठिकाणी लिहिली जाऊन दुसऱ्याच ठिकाणी अमलात येते. नावाचा अर्थ कोणत्या ठिकाणावरून लावावयाचा, आणि ते ठिकाण नाहीसे झाले तर काय करावयाचे, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात संगणकशास्त्रज्ञांची कित्येक वर्षे गेली.

चल, फलन आणि व्याप्ती

प्रथम काही संज्ञांचा परिचय करून घेऊ. ज्याचे मूल्य बदलू शकते अशा नावाला चल म्हणतात. संगणकाच्या स्मृतीत एक खण राखून ठेवावा व त्यावर चिठ्ठी चिकटवावी, तसे हे असते. चिठ्ठी म्हणजे चलाचे नाव आणि खणातील वस्तू म्हणजे त्याचे मूल्य. पुनःपुन्हा लागणाऱ्या आज्ञांचा एक गट करून त्याला नाव दिले, म्हणजे ते फलन होते. आज्ञावली वाचून तिच्यातील आज्ञा तेथल्या तेथे अमलात आणणाऱ्या यंत्रणेस इंटरप्रिटर म्हणतात. मनुष्याची भाषा यंत्रास समजावून देणारा तो दुभाष्याच होय. म्हणून पुढे त्यास दुभाष्या असेच म्हटले आहे.

फलनाच्या पोटात दुसरे फलन लिहिता येते. वाड्यात चौक व चौकात खोली असावी, तशी ही रचना असते. खोलीत बसलेल्यास चौकातील वस्तू घेता येतात, परंतु चौकातील माणसास बंद खोलीतील वस्तू दिसत नाहीत. त्याचप्रमाणे आतील फलनास बाहेरील फलनाची चले वापरता येतात, बाहेरील फलनास मात्र आतील चले दिसत नाहीत. एखादे नाव आज्ञावलीच्या जेवढ्या भागात ओळखले जाते, तेवढ्या भागास त्या नावाची व्याप्ती म्हणतात. आतील फलनात एखादे नाव आले की दुभाष्या ते प्रथम त्याच फलनात शोधतो. न सापडल्यास त्याच्या लगतच्या बाहेरील फलनात, तेथेही न सापडल्यास त्याच्या बाहेर, असा तो पायरीपायरीने बाहेर जातो. घरातील वस्तू आधी घरात पाहावी, मग शेजारी विचारावे, हाच तो न्याय होय.

एका वाचनालयाचे उदाहरण

पुरानी बस्तीत एक लहानसे वाचनालय आहे अशी कल्पना करू. त्याच्या देवघेव विभागात दोन खिडक्या आहेत. एका खिडकीतून पुस्तके दिली जातात व दुसऱ्या खिडकीत परत आलेली पुस्तके घेतली जातात. कपाटात किती पुस्तके शिल्लक आहेत, हा हिशेब दोन्ही खिडक्यांस सामाईक आहे. याची आज्ञावली मराठीत अशी लिहिता येईल :

फलन वाचनालय (प्रती) :
शिल्लक = प्रती
आतील फलन दे : शिल्लक = शिल्लक − १
आतील फलन घे : शिल्लक = शिल्लक + १
उत्तर म्हणून दे व घे ही दोन्ही फलने सुपूर्द कर.

येथे "शिल्लक" हे चल बाहेरील फलनाचे आहे. परंतु त्याचा उपयोग "दे" व "घे" ही आतील फलने करतात. "वाचनालय" या फलनास ४० हा आकडा देऊन बोलावले, म्हणजे ते शिल्लक ४० करते, दोन्ही फलने तयार करून बोलावणाऱ्याच्या हाती देते आणि त्याचे काम संपते. यानंतर दोन वेळा "दे" व एक वेळ "घे" चालविल्यास शिल्लक ३९ राहिली पाहिजे.

हे साधे दिसते. परंतु "दे" प्रथमच चालविले जाते, तेव्हा "वाचनालय" हे फलन आटोपलेले असते. मालकाने वाडा सोडला, तरी त्याच्या चौकातील वस्तू दोन भाडेकरूंस हवीच आहे, असा हा प्रसंग आहे. ती वस्तू आता कोठे ठेवावयाची?

पत्रावळींची चळत

फलनाची चले ठेवण्याची नेहमीची पद्धत चळतीची आहे. पंगतीसाठी पत्रावळी एकीवर एक रचतात व काढताना वरचीच प्रथम काढतात, तसा हा प्रकार असतो. फलन बोलावले की त्याच्या चलांसाठी खणांचा एक थर चळतीवर चढतो. फलन संपले की तो थर उतरतो व ती जागा पुढील फलनास मिळते. यात वेळ जात नाही आणि स्मृतीही वाया जात नाही.

स्मृतीची ही काटकसर त्या काळी किती मोलाची होती, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती व प्रत्येक शब्दात ४० द्विमान अंक मावत. आजच्या मापाने ही स्मृती सुमारे दहा हजार बाइट भरते. एवढ्या जागेत आज्ञा, आकडे व मधले हिशेब सारेच बसवावयाचे, तेव्हा वापरलेला खण तत्काळ मोकळा करणे अगत्याचे होते.

त्याच वर्षी अल्गोल ६० ही भाषा प्रसिद्ध झाली. फलनाच्या पोटात फलन लिहिण्याची सोय तीत होती. अ‍ॅम्स्टरडॅम येथे एड्सखर डाइक्स्ट्रा व याप झोनेवेल्ड यांनी १९६० च्या ऑगस्टमध्ये तिचा अनुवादक सिद्ध केला व तो चळतीवर आधारला. आतील फलनास बाहेरील चलापर्यंत पोहोचता यावे, म्हणून त्याच्या थरातून बाहेरील फलनाच्या थराकडे बोट दाखविणारा दुवा ठेवला की काम भागत असे. अल्गोल ६० मध्ये फलन दुसऱ्या फलनाच्या स्वाधीन करता येई, परंतु उत्तर म्हणून बाहेर देता येत नसे. त्यामुळे आतील फलन चालू असेतोवर बाहेरील फलनाचा थर चळतीत असावयाचाच. वाचनालयाचे वरील उदाहरण त्या भाषेत लिहिताच येत नसे. म्हणजे प्रश्न सुटला नव्हता, तो उद्भवू दिला जात नव्हता, एवढेच.

चळतीवर अवलंबून राहून "दे" व "घे" ही फलने बाहेर दिली तर काय घडेल, हेही पाहिले पाहिजे. "वाचनालय" संपताच त्याचा थर उतरेल आणि "शिल्लक" चा खण दुसऱ्याच एखाद्या फलनाच्या वाट्याला जाईल. नंतर "दे" त्या खणातून एक वजा करील. परंतु तेथे आता एखाद्या वाचकाचे वय अथवा पुस्तकाची किंमत असेल. रायपुरातील रजबंधा तलाव बुजून आज त्या जागी रजबंधा मैदान आहे. जुन्या पत्रावरून तेथे पाणी भरावयास गेलेल्या मनुष्याची जी गत होईल, तीच या आज्ञेची होते. चुकीचा इशारा मिळाला तर निदान दोष उघड तरी होतो. येथे चुकीचे उत्तर बिनबोभाट मिळण्याचा धोका आहे.

लिस्प भाषेतील पेच

नावाचा अर्थ कोणत्या ठिकाणावरून लावावयाचा, हा दुसरा प्रश्न लिस्प या भाषेत उपस्थित झाला. जॉन मॅकार्थी यांनी या भाषेवरील आपला निबंध १९६० च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केला, व त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी तिचा दुभाष्या तयार केला. या दुभाष्याजवळ नावे व मूल्ये यांच्या जोड्यांची एक यादी असे. नाव आले की तो यादीच्या अगदी अलीकडच्या टोकापासून शोध घेई व पहिल्याने सापडलेले मूल्य वापरी.

परंतु अलीकडचे टोक म्हणजे फलन जेथे चालविले जात आहे ते ठिकाण. जेथे लिहिले ते नव्हे. पुरानी बस्तीचे पत्र नागपुरात वाचून फुटाळ्यावर जावे, तसा हा प्रकार झाला. जेम्स स्लॅगल यांनी लिहिलेली एक आज्ञावली यामुळे भलतेच वागू लागली आणि त्यांनी तक्रार केली. मॅकार्थी यांना प्रथम तो किरकोळ दोष वाटला. रसेल यांनी त्यावर "फनार्ग" नावाचा उपाय योजला : फलन दुसऱ्याच्या स्वाधीन करताना त्याच्यासोबत ते जेथे निर्माण झाले तेथील नावांची यादीही द्यावयाची. म्हणजे पत्राच्या माथ्यावर मुक्काम लिहावयाचा!

१९६४ साली पीटर लँडिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने या जोडगोळीस क्लोजर असे नाव दिले. फलनातील आज्ञा व त्या ज्या परिसरात लिहिल्या गेल्या तो परिसर, अशी दोन अंगे मिळून क्लोजर होते. १९७५ मध्ये जेराल्ड सस्मन व गाय स्टील यांनी स्कीम ही लिस्पची शाखा रचली आणि लिहिलेल्या ठिकाणावरून अर्थ लावण्याचा नियम तीत पायाभूत मानला. आज प्रचारात असलेल्या बहुतेक भाषा हाच नियम पाळतात.

मुक्काम टिकविण्याचे तीन मार्ग

मुक्काम सोबत द्यावयाचा हे ठरले, तरी मुक्कामाची जागा शाबूत राहिली पाहिजे. मनात येणारा पहिला उपाय असा की, "शिल्लक" ची एकेक प्रत "दे" व "घे" यांस देऊन टाकावी. हा उपाय फसवा आहे. दोन पुस्तके दिल्यावर "दे" जवळच्या वहीत ३८ होतील, एक परत आल्यावर "घे" जवळच्या वहीत ४१ होतील, आणि कपाटात तर ३९ पुस्तके असतील. दोन खिडक्यांस दोन वह्या दिल्या की हिशेब सामाईक राहत नाही. सामाईक ठेवावयाचे ते मूल्य नव्हे, तर मूल्याचा खण होय. ही गोष्ट साधण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे चळत सोडून देऊन प्रत्येक फलनाची सर्व चले स्मृतीच्या मोकळ्या आवारात ठेवणे. फलन बोलावले की तेथे नावांचा एक नवा तक्ता तयार होतो व त्यास बाहेरील तक्त्याचा दुवा जोडलेला असतो. फलन संपले तरी तक्ता जागेवर राहतो. हा मार्ग समजण्यास सोपा असल्याने शिकाऊ दुभाषी बहुधा याच रीतीने लिहिले जातात. परंतु जी चले कोणाशीही सामाईक नाहीत, त्यांच्यासाठीही आवारातील जागा खर्ची पडते, आणि नाव शोधीत तक्त्यामागून तक्ते पाहण्यात वेळ जातो.

दुसरा मार्ग पायथन भाषेच्या प्रचलित दुभाष्याने पत्करला आहे. तो आज्ञा अमलात आणण्यापूर्वी सर्व मजकूर एकदा तपासतो आणि कोणते चल आतील फलन वापरते याची नोंद करतो. जे चल केवळ स्वतःच्याच फलनापुरते आहे, ते नेहमीच्या क्रमांकित खणात राहते. जे सामाईक आहे, त्यासाठी मोकळ्या आवारात एक लहानशी पेटी करतात. तिला सेल म्हणतात. बाहेरील फलन, "दे" आणि "घे" या तिघांच्या हाती त्या एकाच पेटीचा पत्ता असतो. "दे" पेटी उघडून ४० चे ३९ करते. नंतर "घे" तीच पेटी उघडते, तेव्हा तिला ३९ च दिसतात. ही सोय पायथनमध्ये २००१ साली आली. तथापि आतील फलनातून पेटीतील मूल्य बदलावयाचे असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. कारण एरवी ज्या नावास फलनात मूल्य दिले जाते, ते त्या फलनाचे स्वतःचेच चल समजले जाते. त्यासाठी "नॉनलोकल" हा शब्द २००८ मधील पायथन ३ पासून उपलब्ध झाला.

तिसरा मार्ग लुआ या भाषेचा. ती १९९३ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील विद्यापीठात जन्मास आली, व पुढील रीत तिच्या २००३ मधील पाचव्या आवृत्तीपासून रूढ आहे. येथे सामाईक चलही आरंभी चळतीवरच राहते. आतील फलन निर्माण झाले की त्याच्यासाठी "अपव्हॅल्यू" नावाची एक चिठ्ठी केली जाते व तिच्यावर चळतीतील खणाचा पत्ता लिहितात. दुसऱ्या आतील फलनास तेच चल हवे असल्यास नवी चिठ्ठी न करता जुनीच त्याच्याही हाती देतात. बाहेरील फलनाचा थर उतरण्याची वेळ आली की दुभाष्या खणातील मूल्य त्या चिठ्ठीतच हलवितो व पत्ता बदलून चिठ्ठीचा स्वतःचा करतो. घर सोडताना सामान शेजाऱ्याकडे ठेवून टपालखात्यास नवा पत्ता कळवावा, तसे हे आहे. "दे" व "घे" यांना या स्थलांतराची वार्ताही लागत नाही. चल खरोखर मागे उरणार असेल तेव्हाच आवारातील जागेत जाऊन राहते, एरवी चळतीचा वेग कायम राहतो, हा या रीतीचा लाभ होय.

प्रत्येक बोलावण्यास नवा खण

तेलीबांध्याकडे वाचनालयाची दुसरी शाखा निघाली व "वाचनालय" हे फलन २५ हा आकडा देऊन पुन्हा बोलावले, तर पुरानी बस्तीच्या हिशेबात घोटाळा होईल काय? मुळीच नाही. फलन जितक्या वेळा बोलावले जाते, तितक्या वेळा "शिल्लक" चा नवा खण निर्माण होतो. आज्ञा त्याच असल्या तरी मुक्काम निराळे. एका शाखेची "दे" व "घे" परस्परांशी खण वाटून घेतात, दुसऱ्या शाखेशी त्यांचा संबंध नाही.

हा नियम विसरला गेला, म्हणजे एक प्रसिद्ध फसगत होते. पाच कपाटांसाठी पाच फलने एका फेऱ्यात तयार करावयाची आहेत, व प्रत्येकाने आपल्या कपाटाचा क्रमांक सांगावयाचा आहे. फेऱ्याचे चल १ पासून ५ पर्यंत वाढत जाते. परंतु पाचही फेऱ्यांस मिळून त्या चलाचा खण एकच असेल, तर फेरा संपल्यावर विचारता पाचही फलने "५" असेच उत्तर देतात. दुभाष्या येथे चुकलेला नसतो. पाच जणांस एकच वही दिली गेली, हे त्याचे कारण होय. ही फसगत इतकी वारंवार होई की अनेक भाषांनी अखेर नियमच बदलला. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली "लेट" या शब्दाने प्रत्येक फेरीस निराळा खण मिळू लागला. सी-शार्पने २०१२ मध्ये आपल्या "फॉरईच" फेऱ्यापुरता, तर गो भाषेने २०२४ मध्ये तसाच पालट केला.

चलाचे आयुष्य

आवारात ठेवलेला खण कायमचा अडवून ठेवला तर स्मृती भरून जाईल; म्हणून तो केव्हा मोकळा करावयाचा हे ठरले पाहिजे. चळतीवरील चलाचे आयुष्य त्याच्या जन्मदात्या फलनाइतके असते. सामाईक चलाची गोष्ट निराळी. त्याच्यापर्यंत पोहोचणारे एक जरी फलन उपयोगात असले, तरी ते जिवंत ठेवावे लागते. "दे" टाकून दिले व "घे" राहिले, तरी "शिल्लक" हवी. दोन्ही गेली, म्हणजे मात्र तिच्याकडे जाणारी वाट उरत नाही. अशा बेवारस जागा हुडकून त्या मोकळ्या करण्याचे काम स्मृतीचा केर काढणारी यंत्रणा करते, व तिची कल्पनाही लिस्पच्याच आरंभकाळातील आहे. यास्तव एखादे क्षुल्लक फलन जपून ठेवले आणि त्याच्या सामाईक खणात मोठा ग्रंथ असला, तर तो ग्रंथही स्मृतीत अडकून राहतो. आज्ञावली लिहिणाराने याचे भान ठेवणे हिताचे.

तात्पर्य असे की, सामाईक चल कोणी निर्माण केले यावर त्याचे आयुष्य अवलंबून नसते, तर त्याची गरज कोणास उरली आहे यावर ते ठरते. आणि त्याचा अर्थ ते जेथे लिहिले गेले तेथूनच लावावयाचा असतो. दुभाष्याची सारी यातायात या दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहे.

ज्या शाळांत संगणक उपलब्ध आहे तेथील विद्यार्थ्यांना याचा पडताळा सहज घेता येईल. पायथन ३ मध्ये चलांची व फलनांची नावे देवनागरीत लिहिता येतात. तेव्हा "शिल्लक", "दे" व "घे" ही नावे जशीच्या तशी योजून वरील वाचनालय रचावे, दोन्ही फलनांच्या अखेरीस शिल्लक छापण्याची आज्ञा द्यावी, आणि ४० व २५ प्रतींच्या दोन शाखा काढाव्यात. कोणत्या खिडकीतून कोणता आकडा येईल, हे प्रथम कागदावर लिहावे व मग आज्ञावली चालवावी. त्यानंतर "नॉनलोकल" ची ओळ गाळून पुन्हा चालवून पाहावे. दुभाष्या जी तक्रार करील, तिचा अर्थ आता वाचकास उलगडेल.